तीन वेण्या

२०२१च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका मशिदीच्या तळघरात, माझी मैत्रीण मेल्याचं सोंग घेऊन टेबलावर पडली होती. मय्यतीला गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, कसं द्यायचं, कफन कसं गुंडाळायचं हे शिकवणारा बायकांचा वर्ग होता. आदल्या वर्षी करोनात गुसल देणाऱ्या जुन्या बायका कमी पडल्या, काही स्वतःच गेल्या, म्हणून नव्या तयार करायचं ठरलं होतं. शिकवणाऱ्या आंटींनी विचारलं, “मय्यत कोण होणार?” सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्याकडच्या बायका अपशकुन मानत नाहीत असं तोंडानं म्हणतात, पण मानतात. ही मात्र सपाता काढून सरळ टेबलावर चढली आणि डोळे मिटून म्हणाली, “मला सवय आहे. आठवड्यातून तीनदा अशीच पडलेली असते.”

डायलिसिसबद्दल बोलत होती ती. तिच्या उजव्या बाजूला मी उभी होते. कपड्यांवरूनच तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवायचा होता. मी सुरुवात केली तशी ती दचकली. “काय गं हे, बर्फ आहेत की हात? खऱ्या वेळी आधी गरम करून ये.” आंटी ओरडल्या, “मय्यत बोलत नाही!” त्यावर आख्खं तळघर हसलं.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तशी तिला दोन नावं होती. एक आईनं ठेवलेलं, पगाराच्या चेकवरचं. दुसरं कलमा पढून मुसलमान झाल्यावर घेतलेलं, ते मशिदीपुरतंच चालायचं. मी तिला ‘बाय’ म्हणायचे. कोकणात लाडक्या मुलीला, बहिणीला अशीच हाक मारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली होती, “लोक जाताना बाय म्हणतात, तू भेटल्या भेटल्या म्हणतेस.”

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. घरात कोकणी, शाळेत मराठी, मदरशात अरबी, आणि उर्दू म्हणाल तर मोडकीतोडकी. १९९९ साली लग्न करून क्वीन्सला आले तेव्हा कळलं की इंडियातल्या मुसलमानाला उर्दू येतेच असं इथं सगळे धरून चालतात. त्यात आम्ही कोकणी लोक शाफई रीतीचे. नमाजेत रुकूत, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना आम्ही हात उचलतो. शेजारची बाई सलाम फेरून झाला की माझं मनगट धरून समजवायची, “बेटी, ऐसे नहीं.” लहानपणापासून पढत आलेली नमाज मला दर शुक्रवारी कुणी ना कुणी नव्यानं शिकवत होतं.

२००७च्या रमजानात तळघरातल्या इफ्तारीला ती पहिल्यांदा दिसली. उंच, काळी, राखाडी स्कार्फ. भिंतीला टेकून कागदी ताटलीतली बिर्याणी एकटीच खात होती. एका घोळक्यात बंगाली चाललेलं, एकात उर्दू, एकात अरबी. मला यातलं कुठलंच धड येत नव्हतं, म्हणून मी तिच्याशेजारी बसले. पुण्यबिण्य डोक्यात नव्हतं. आणि बसल्या बसल्या सगळे विचारतात तेच विचारलं, “मुसलमान कशी झालीस? नवरा मुसलमान आहे का?”

तिनं खजुराची बी ताटलीच्या कडेला ठेवली. “तुझा आहे?”

“होता,” मी म्हटलं. माझा घटस्फोट होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

ती इतक्या मोठ्यानं हसली की तिन्ही घोळके गप्प झाले.

नवऱ्यासाठी ती मुसलमान झाली नव्हती. नवरा तिला कधी मिळालाच नाही. ती साउथ कॅरोलायनातल्या किंग्सट्रीची, बाप्टिस्ट घरातली, वडील चर्चमध्ये डीकन. एक मामा हार्लेमला येऊन ‘नेशन ऑफ इस्लाम’ या काळ्या अमेरिकनांच्या पंथात गेला होता. १९७५ साली त्या पंथाचे प्रमुख इलायजा मुहम्मद वारले, त्यांच्या मुलानं, वॉरिथ दीन मुहम्मद यांनी, लोकांना सुन्नी इस्लामकडे वळवलं, त्यांच्यामागून मामाही गेला. मामा मेल्यावर त्याचं खोलीतलं सामान आवरायला ही न्यूयॉर्कला आली. त्याच्या कुराणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या टिपा वाचत बसली आणि इथंच राहिली. २००४ साली कलमा पढली. “त्या दिवशी सत्तर बायकांनी मला मिठी मारली,” ती सांगायची. “पुढच्या शुक्रवारी त्यातल्या एकीलाही माझं नाव आठवेना.”

‘रिव्हर्ट’, म्हणजे मूळ धर्मात परतलेली, हा शब्द तिला आवडत नसे, ‘कन्व्हर्ट’ही नसे. पंधरा वर्षं झाली तरी लोक “नवीन आहात का?” विचारायचे. मग ती ओमर इब्न सईदची गोष्ट काढायची. पश्चिम आफ्रिकेतला शिकलेला मुसलमान, गुलाम म्हणून १८०७ साली चार्ल्सटनला आणलेला. १८३१ साली त्यानं स्वतःची जीवनकहाणी अरबीत लिहिली, ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. “आमच्या गावापासून चार्ल्सटन दीड तासावर,” ती म्हणायची. “तुमचे आजोबा अमेरिकेत कधी आले?” समोरचा गप्प.

प्यू रीसर्च सेंटरच्या २०१७च्या पाहणीत आलं होतं की अमेरिकेतल्या प्रौढ मुसलमानांत साधारण पाचातला एक धर्मांतरित आहे. मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं बोटांवर हिशोब केला. “मग इफ्तारीला पाच बायकांच्या पंगतीत दर वेळी ती एक मीच कशी?”

मैत्री म्हणजे काय, तर फोन. रमजानात पहाटे सहरीला, रोज्याआधीच्या खाण्याला, ती मला उठवायची. दोनदा रिंग देऊन कट, म्हणजे उठ. मी एकदा रिंग दिली की उठले. थँक्सगिव्हिंगला आम्ही जिवंत कोंबड्यांच्या बाजारात जाऊन टर्की कापून आणायचो. ती आईच्या रीतीनं हिरव्या पाल्याची भाजी शिजवायची, फक्त डुकराच्या हाडाऐवजी धुरावलेली टर्की घालून. मी चव बघून म्हणायचे, “आमच्याकडं हीच भाजी सुकटीत करतील.” पुढच्या वर्षी तिनं खरंच सुकट घातली. घर चार दिवस वासानं भरलेलं.

ईदला तिची पंचाईत व्हायची. नमाज झाली, गळाभेट झाली की सगळे आपापल्या घरी. हिचं घर होतं, पण तिथं ईद नव्हती. ती सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बरीच वर्षं ईदची नमाज पढून तडक कामावर जायची आणि मुलांना पिझ्झा वाढायची. न्यूयॉर्कच्या शाळांनी ईदची सुट्टी पहिल्यांदा दिली ती २०१५ साली, चोवीस सप्टेंबरच्या बकरीदेला. त्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप. ही नव्या कपड्यांत उभी. “सुट्टी आहे. मी मागितली नाही, शहरानं दिली.” मी अजून गाऊनमध्येच, सांदणांचं पीठ आंबतंय. तिनं पदर खोचावा तसा स्कार्फ मागे बांधला आणि खोबरं किसायला बसली.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला बरं वाटत नाही. २०१० साली माझ्या दूरच्या नात्यातला एक विधुर न्यू जर्सीत होता, दोन मुलं पदरात. मीच तिच्यासाठी विषय काढला. त्याची बहीण बघायला माझ्याकडे आली. बाय बाहेरच्या खोलीत, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. बहीण म्हणाली, “लड़की अच्छी है, नमाज़ी है. मगर रंग देखा है? बच्चे कैसे होंगे?” मी चहा गाळत होते. गाळत राहिले. नंतर ट्रेनपर्यंत सोडायला गेले तेव्हा बाय म्हणाली, “तुमच्या भाषेतले थोडेच शब्द मला येतात. ‘रंग’ त्यातला एक आहे.” तीन आठवडे फोन आला नाही. मग एक दिवस आला, “लसणीची चटणी संपली आहे.” मी दोन बाटल्या घेऊन गेले. माफी मागायची राहिली. बाटल्यांतच ती आली असं मी धरून चालले, आणि तिनं तसं धरलं की नाही हे मी कधी विचारलं नाही.

मेल्यावर आपलं काय करायचं त्याच्या कागदाचा विषय बॉक्सर मुहम्मद अलीमुळं निघाला. तीन जून २०१६ला तो गेला, तेव्हा रमजान तोंडावर होता. लुइव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये त्याचा जनाजा झाला आणि टीव्हीवर सगळ्या अमेरिकेनं पाहिला. संध्याकाळी रोजा सुटायची वाट बघत आम्ही दोघी माझ्या सोफ्यावर बसून ते बघत होतो. सगळं त्यानं हयातीतच ठरवून ठेवलं होतं म्हणे. बाय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी मेले तर माझी आई मला गावी नेईल. विग घालेल, लिपस्टिक लावेल, पेटी उघडी ठेवून चर्चमध्ये गाणी म्हणेल. तिचं काही चुकलं असं नाही. पण मला ते नको.”

न्यूयॉर्कात यासाठी एक फॉर्म आहे. आपल्या मय्यतीचं काय करायचं हे ठरवणारा माणूस आपण जिवंतपणी नेमू शकतो. नेमला नाही तर कायद्याच्या रांगेत आधी नवरा-बायको, मग मुलं, मग आईवडील, मग भावंडं. मैत्रीण त्या रांगेत फार मागं. नेमला तर तो सगळ्यांच्या पुढं. फॉर्मवर आपली सही, नेमलेल्याची सही आणि दोन साक्षीदार, बस्स. आम्ही एकमेकींना नेमलं. माझं तरी इथं कोण होतं? भाऊ चिपळूणला. साक्षीदार म्हणून खालच्या लॉन्ड्रीतलं कोरियन जोडपं. त्यांनी कागद वाचला, आमच्याकडं पाहिलं आणि न विचारता दोघींना एकेक गोळी दिली, पेपरमिंटची. रोजा होता, खिशात ठेवली.

२०१८मध्ये तिच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं डायलिसिस लागलं. जुम्मा बुडतो म्हणून तिनं भांडून मंगळ-गुरु-शनि करून घेतलं. चार तास मशीनला. रोजे बंद, त्याचा फिदया, न धरलेल्या रोज्यांच्या बदल्यातलं दान, ती महिन्याच्या महिन्याला बाजूला काढायची. तरी सहरीची रिंग चुकली नाही. स्वतःला धरायचा नसलेल्या रोज्यासाठी ती मला उठवत राहिली. २०२०च्या एप्रिलात रात्रभर सायरन वाजायचे, मशिदीला कुलूप. आम्ही फोन स्पीकरवर ठेवून तिकडं ती, इकडं मी तरावीह, रमजानातली रात्रीची नमाज, पढलो. अशी जमात, एकत्र नमाज, होत नाही हे दोघींनाही माहीत होतं.

२०२३च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी पहाटे फोन वाजला. दोनदा वाजून बंद होईना. हॉस्पिटल होतं. झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं; शेजारणीनं अँब्युलन्स बोलावली, पण उपयोग झाला नाही. बावन्न वर्षांची होती.

“तुम्ही त्यांच्या कोण?” खिडकीतल्या बाईनं विचारलं.

“मैत्रीण.”

“नातेवाईक?”

मी प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढला. तिनं तसला कागद आधी पाहिला नव्हता. ती वरिष्ठांना फोन करत राहिली, मी दोन तास खुर्चीवर बसले. मशिदीतून फोन येत होते, जोहरच्या, दुपारच्या नमाजेच्या, आत दफन होईल का? आपल्यात घाई करतात, तशी शिकवणच आहे. मीही मनात घाईतच होते. मग तिच्या आईला फोन लावला.

आई ऐंशीची. बातमी तिला शेजारणीकडून आधीच कळली होती. मी कागदाचं सांगितलं. पलीकडं खूप वेळ शांतता. मग अगदी हळू आवाज आला, “म्हणजे माझ्या लेकीवर हक्क तुझा?”

कागदाप्रमाणं उत्तर ‘हो’ होतं. मी म्हटलं, “मॅम, तुम्ही येईपर्यंत मी काही करत नाही.”

मशिदीतल्या एकाला हे पटलं नाही. मय्यत थांबवायची नसते, त्यांनी बजावलं. त्यांचं चूक नव्हतं. तरी मी दोन रात्री थांबवली. फ्युनरल होमच्या माणसाला सांगितलं, थंड खोलीत ठेवा, रसायनं भरू नका. न्यूयॉर्कात त्याची सक्ती नाही. आई दुसऱ्या दिवशी रात्री पाल्मेटो नावाच्या रेल्वेनं पेन स्टेशनवर उतरली. दिवसभराचा प्रवास, डोक्यावर जांभळी हॅट, हातात एक झाकणाची पिशवी. पिशवीत लेकीसाठी ड्रेस होता. तोही जांभळाच.

रात्री माझ्या घरी मी तिला सगळं सांगितलं. पेटी उघडी ठेवणार नाही, ड्रेस नाही, विग नाही, पाच पांढरी कापडं. ती ऐकत होती. “तिचं तोंड तरी बघू देशील?” म्हणाली. मी म्हटलं, तोंडच काय, तुम्ही आत या.

हे मी माझ्या अधिकारात बोलून बसले होते. रात्री झोप आली नाही. सकाळी आंटींना भीत भीत विचारलं. आंटी गयानीज, रिचमंड हिलच्या. त्यांचे पणजोबा मजूर म्हणून कलकत्त्याहून जहाजानं गेलेले. त्या म्हणाल्या, “गुसल आपण देऊ. पण आईला दाराबाहेर ठेवायची हिंमत माझ्यात नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.”

त्या खोलीत फरशी, एका बाजूला उतार असलेलं स्टीलचं टेबल, नळाला लांब नळी. हॉस्पिटलची मनगटपट्टी कात्रीनं कापली. चिकटपट्ट्यांचा डिंक निघेना तेव्हा आंटींनी खोबरेल तेल लावून एकेक सोडवली. ओढायचं नाही, जिवंत माणसाला दुखेल तसं तिलाही दुखतं असं समजूनच हात लावायचा. डाव्या दंडावर फिस्टुलाच्या, डायलिसिससाठी जोडलेल्या नसेच्या, गाठी. त्यांच्यातून रक्त फिरायचं तेव्हा हात ठेवला की मधमाश्यांसारखं गुणगुणायचं. मी सवयीनं हात ठेवला. काही नाही.

बेंबीपासून गुडघ्यापर्यंतची चादर शेवटपर्यंत हलवायची नाही, तिच्या खालूनच धुवायचं. आधी पोट हलकं दाबून हातमोज्यानं स्वच्छता, मग नमाजेआधी हातपाय-तोंड धुतात तसा वुजू, मग डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. पहिलं पाणी बोरीच्या पाल्याचं. गावी आजीच्या वेळी झाडावरून ओरबाडून आणला होता, इथं अस्टोरियातल्या स्टाइनवे स्ट्रीटच्या दुकानातून पुडीत मिळतो. वास मात्र तोच. मग साधं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर.

सुरू करायच्या आधी मी गरम नळाखाली हात धरून उभी राहिले. लाल होईपर्यंत. आंटींनी विचारलं, “काय करतेस?” सांगता आलं नाही.

आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. हॅट मांडीवर. ती मध्येच म्हणायची, “मानेमागं नीट. लहानपणापासून तिथं मळ बसतो.” आम्ही पुन्हा धुवायचो.

केसांवरून आंटींचा आणि माझा वाद झाला. त्या हनफी रीतीच्या, त्यांच्यात केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवतात. मी म्हटलं, आमच्या शाफई रीतीत तीन वेण्या घालून मागं सोडतात. उम्मे अतिय्यांनी पैगंबरांच्या मुलीला न्हाऊ घातलं तेव्हा तीन वेण्या घातल्या होत्या, हे आजीनं मला इतक्यांदा सांगितलेलं की विसरणं शक्य नाही. बाय स्वतः यातली कुठलीच नव्हती. ती पुस्तकातून शिकलेली, हात कधी उचलायची, कधी नाही. आम्ही कुजबुजत होतो तरी आईनं ‘हेअर’ शब्द ऐकला.

“तिच्या केसांचं काय?”

मी सांगितलं. वेण्या घालायच्या आहेत.

ती उठली. पर्समधून शेपटीचा कंगवा काढला. काळ्या बायकांच्या पर्समध्ये तो असतोच, पण त्या दिवशी तिनं तो कशासाठी बरोबर घेतला होता कुणास ठाऊक. बाही वर सारली, टेबलाच्या डोक्याकडं आली.

“किती?”

मी आंटींकडं पाहिलं. आंटी म्हणाल्या, “तीन.”

तिनं कंगव्याच्या टोकानं भांग पाडला. ओल्या केसात सरळ रेघ, कपाळापासून मागं. ऐंशी वर्षांची बोटं, सांधे सुजलेले, पण वेणी घट्ट. घालताना ती काहीतरी गुणगुणत होती, चर्चमधलं असणार. आंटी दुसरीकडं वळून कापडं पसरायला लागल्या, एक लुंगीसारखं, एक कुडता, एक ओढणी, दोन मोठ्या चादरी. काही बोलल्या नाहीत. तिसरी वेणी झाल्यावर आई म्हणाली, “ही शाळेत जायची तेव्हा रडायची, घट्ट होतंय म्हणून.” आणि हात पुसून खुर्चीवर जाऊन बसली. जांभळा ड्रेस पिशवीतच राहिला.

जोहरनंतर जनाजा. उभ्यानंच चार तकबीर, म्हणजे चारदा ‘अल्लाहु अकबर’, रुकू नाही, सजदा नाही, पाच मिनिटांत संपतो. आईला वाटलं अजून सुरूच व्हायचाय. मला तिची शरम वाटली नाही, आमची वाटली थोडी. चर्चमध्ये एकेकजण उठून माणसाबद्दल चार शब्द बोलतो, इथं कुणीच बोललं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायका मात्र आल्या होत्या, सगळ्या डोक्यावर ओढण्या घेऊन, एकीनं तर टेबलक्लॉथच घेतला होता.

गावी आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मी दारातून परतलेली. पन्नाशीत पहिल्यांदा मी कबरीच्या काठावर उभी राहिले, लाँग आयलंडवर. तिथं एका मोठ्या कब्रस्तानात मुसलमानांचा एक भाग आहे. भोवती काँक्रीटची चौकट बसवतात, माती खचू नये म्हणून, तो त्या कब्रस्तानाचा नियम. उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला. कोकणात किबला पश्चिमेला, समुद्राकडं. न्यूयॉर्कात तो ईशान्येला. मी दिशा चुकले आणि भलत्याच बाजूला तोंड करून दुवा मागत होते. एका पोरानं हळूच वळवलं. हे पण बायला आवडलं असतं, इथं पण मला कुणीतरी शिकवतंय.

तीन मुठी माती. आईनंही तीन घातल्या. कुणी तिला सांगितलं नव्हतं, ती मोजत होती.

एक महिन्यानं किंग्सट्रीच्या चर्चमध्ये तिनं वेगळी प्रार्थना ठेवली आणि मला बोलावलं. पंचवीस मार्च, शनिवार, रमजानचा तिसरा रोजा. प्रवासात सोडता येतो, मी धरला. व्यासपीठावर बायचा शाळेतला फोटो, बिनस्कार्फचा. मी तो प्रथमच पाहत होते, केसांच्या तीन वेण्या नव्हत्या, बऱ्याच होत्या, टोकांना रंगीत मणी. दोन तास गाणी. एकेकजण उठून बोलला. मला पण उठवलं. मी सुकटीची भाजी सांगितली, सगळे हसले.

मग तळघरात जेवण. तळघरच, आणि कागदी ताटल्याच. मी भिंतीजवळ जाऊन बसले. खात का नाही म्हणून बायका विचारायला लागल्या तेव्हा आईनं लांबूनच सांगितलं, “ती सूर्य मावळल्यावर खाते. माझी पण तशीच होती.” चर्च रिकामं झालं, खुर्च्या आवरल्या, तरी चार म्हाताऱ्या माझ्याबरोबर थांबल्या. फॉइलखाली ताटली ठेवलेली. वर चिठ्ठी, ‘नो पोर्क’, खाली दोन रेघा. पावणेआठच्या सुमारास एक खिडकीशी जाऊन म्हणाली, “बेबी, मला वाटतं गेला.” मी फोनवर वेळ बघून मान हलवली. खजूर नव्हता. पीच कॉबलरच्या चमच्यानं रोजा सोडला.

आता दर रविवारी चर्च सुटल्यावर आईचा फोन येतो. हवा कशी आहे, काय शिजवलंस. यंदा रमजानात मी तिला म्हटलं होतं, सहरीला उठणं जमत नाही, घड्याळ लावते पण बंद करून झोपते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला रिंग. दोनदा. कट झाली नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं, मी उचलला तर म्हणाली, “उठलीस का?”

माझा फॉर्म अजून त्याच प्लास्टिकच्या पाकिटात, ड्रॉवरमध्ये आहे. नेमलेल्या व्यक्तीच्या जागी तिची सही. बदलायला हवा. आंटी दर शुक्रवारी विचारतात, केलास का? कोरा फॉर्म छापून आणला आहे, माझं नाव, पत्ता लिहून झाला आहे. लॉन्ड्रीतलं जोडपं साक्षीला तयार आहे. पुढची ओळ तेवढी रिकामी आहे.